कवळी बसवल्यावर भाकरी पुठ्ठ्यासारखी का लागते?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका गृहस्थांचा आहे. त्यांचे वडील 72 वर्षांचे. दीड महिन्यापूर्वी वर-खाली पूर्ण कवळी बसवली. कुठे टोचत नाही, बोलताना सुटत नाही. तरी ते म्हणतात, भाकरी पुठ्ठ्यासारखी लागते, जेवणात राम राहिला नाही. आवडतं भडंग तर सोडूनच दिलंय. चव जिभेला कळते, मग दात बदलल्यावर ती गेली कशी, की मेंदूत काही झालंय, अशी मुलाला शंका आहे. दुसरा प्रश्न आईंचा. त्यांच्या खालच्या जबड्यात दोन सुळे आणि एक-दोन दात शिल्लक आहेत. तेही काढून एकदाच कवळी करून टाकावी, असं घरात चाललंय.

कवळ्या आणि कृत्रिम दात हेच माझं रोजचं काम असल्यामुळे जरा ऐसपैस सांगतो.

वडिलांच्या मेंदूला काही झालेलं दिसत नाही. जीभही शाबूत असणार. आमटीत मीठ कमी पडलं तर ते आजही पहिल्या घासाला सांगतील, विचारून बघा. त्यांचा गेलाय तो पोत: घास कडक आहे की मऊ, कुरकुरीत आहे की सादळलेला, रवाळ आहे की गिच्च, हे कळणं. आणि जेवणातली निम्मी गंमत तिथेच असते.

भडंगाचंच घ्या. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की भडंग सादळतं. मीठ तेच, तिखट तेच, लसूण-कढीपत्ताही तोच. जिभेला तक्रार करायला जागाच नाही. तरी एक मूठ तोंडात टाकून आपण डबा बाजूला सारतो. हवेतलं थोडंसं पाणी चुरमुऱ्यात शिरलं की त्यातला ठिसूळ स्टार्च लवचीक होतो. दाताखाली तो फुटत नाही, नुसता दबतो. कढईत जरा गरम केलं, पाणी उडालं, की तेच भडंग पुन्हा संपवलं जातं. म्हणजे खावं की नको याचा निकाल मेंदूने दातांची साक्ष काढून दिला, जिभेला विचारलंही नाही.

आता ही साक्ष दात देतात कशी, ते बघू. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो, त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. त्यात दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं दाटीने असतात. दातावर जोर आला की दात किंचित हलतो, पडदा ताणला जातो आणि किती जोर, कुठल्या दिशेने, केव्हा सुरू झाला, केव्हा सुटला, ही बातमी लगेच वर जाते. दाढ भरल्यावर आम्ही विचारतो, "दाबून बघा, उंच वाटतंय का?" आणि पेशंट म्हणतो, "हां, जरासं लागतंय." हे जरासं म्हणजे कधी कधी केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नैसर्गिक दातांमध्ये ठेवलेली 20 मायक्रॉनच्या आसपासची पट्टीही माणसाला जाणवते. पूर्ण कवळीवाल्याला तीच जाणीव व्हायला 100 मायक्रॉनच्या घरातली जाडी लागते. इम्प्लांटवरचे, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेले दात या दोघांच्या मध्ये येतात, साधारण 50 च्या पुढे.

या पडद्याची आणखी एक खुबी आहे. तो सर्वांत जागा असतो तो हलक्या दाबाला. पुढच्या दातांत 100 ग्रॅमपेक्षाही कमी, दाढांत फार तर 300-400 ग्रॅम. त्यापुढे जोर कितीही वाढवला तरी बातमीत फारशी भर पडत नाही. म्हणजे ही यंत्रणा ऊस सोलण्यासाठी नाही, घास हळुवार धरून चाचपण्यासाठी आहे. स्वीडनमध्ये मॅट्स ट्रुल्सन आणि रोलंड योहान्सन यांनी 1990च्या दशकात एक साधा प्रयोग केला. लोकांना अर्धा शेंगदाणा पुढच्या दातांत न फोडता नुसता धरून ठेवायला सांगितला आणि जोर मोजला. ज्यांचे दात स्वतःचे, ते शंभरेक ग्रॅमच्या आतच धरत होते, कोणी न शिकवता. त्याच लोकांच्या दातांना भूल दिली की जोर कित्येक पटींनी वाढला आणि कमीजास्त होऊ लागला. कवळी किंवा इम्प्लांट असलेल्यांचंही तसंच झालं. तुमचे वडील भडंग का टाळतात, त्याचं अर्धं उत्तर या शेंगदाण्यात आहे. चुरमुरा आणि दाणा एकाच घासात येतात, एक नुसता दाब पडताच चुरतो, दुसऱ्याला जोर लागतो. किती लावायचा ते दाताने सांगायचं असतं, आणि सांगणारा दात आता नाही.

ज्यांनी दाढ काढली किंवा भरली आहे त्यांना याची चुणूक मिळालेली असते. खालच्या जबड्याची भूल दिल्यावर दोनेक तास त्या बाजूने घास फिरवला तर तोंडात काय आहे तेच उमगत नाही, गाल चावला जातो आणि कळतंही नाही. म्हणून तर भूल उतरेपर्यंत जेवू नका म्हणून आम्ही बजावतो.

घास तोंडात गेल्यावर मेंदूत काय चालतं, ते आता भाकरीच्या एका तुकड्यावरून सांगतो. शाळूची भाकरी, वर दाण्याची चटणी. चावण्याचा ठेका मेंदूच्या बुंध्यातल्या चेतापेशींचा एक जाळीदार गट धरून ठेवतो. सेकंदाला साधारण एक-दोन वेळा जबडा उघडतो आणि मिटतो, आपण गप्पा मारत असलो तरी. पण ठेका तोच असला तरी प्रत्येक चावा वेगळा असतो. पहिल्या चाव्यात भाकरीचा पापुद्रा तुटतो, खाली मऊ पोट लागतं. हा जोर दातांच्या पडद्यातून आणि जबडा मिटणाऱ्या स्नायूंमधल्या ताण मोजणाऱ्या तंतूंमधून चेहऱ्याच्या मोठ्या संवेदी चेतेत, ट्रायजेमिनल नर्व्हमध्ये जातो. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शरीरातल्या बाकी सगळ्या स्पर्शाच्या पहिल्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये बसलेल्या असतात. जबड्याच्या स्नायूंच्या आणि दातांच्या काही पेशी मात्र थेट मेंदूच्या बुंध्याच्या आत आहेत. असं शरीरात दुसरीकडे कुठे नाही. आणि चावताना जोराची दुरुस्तीही झटपट होते.

ती किती झटपट, हे भाकरीत कचकच लागल्यावर कळतं. गिरणीतून आलेला किंवा ज्वारी निवडताना राहिलेला बारीक खडा दाढेखाली आला की जबडा जागीच थबकतो. "खडा" हा शब्द मनात यायच्या आत, सेकंदाच्या काही शतांशात, स्नायू सैल पडलेले असतात. तसंच अक्रोड किंवा सुपारी फुटल्यावर खालचे दात वरच्या दातांवर आदळत नाहीत, कारण जोर सुटल्याची बातमी पोचताच स्नायूंना लगाम बसतो. मेंदू पुढच्या चाव्याचा अंदाज आधीच बांधून ठेवतो. प्रत्यक्षात आलेली बातमी त्या अंदाजाशी जुळली की आपण निवांत जेवतो. जुळली नाही की घास तोंडातच थांबतो. भातात खडा, बेदाण्यात देठ, बासुंदीत सायीचा अनपेक्षित गोळा, या सगळ्यांना आपण एकाच पद्धतीने दचकतो.

हे झालं मेंदूच्या तळघरातलं काम. वरच्या मजल्यावर बातमी थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या जंक्शनमार्गे स्पर्शाच्या पट्ट्यात पोचते. तिथे ओठ, जीभ आणि तोंडाला दिलेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने फारच मोठी आहे. कॅनडातले मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1937 साली तो नकाशा मांडला. तिथून पुढे इन्सुला हा मेंदूच्या घडीत दडलेला भाग आणि डोळ्यांच्या खोबणीच्या वरचा ऑर्बिटोफ्रंटल भाग. चव, वास आणि पोत यांची गाठ इथे पडते. ऑक्सफर्डच्या एडमंड रोल्स यांच्या गटाला माकडांच्या ऑर्बिटोफ्रंटल भागात अशा पेशी सापडल्या की काही घट्टपणाला, काही स्निग्धपणाला, तर काही रवाळपणाला प्रतिसाद देतात. 2004 मध्ये इव्हान डी आराउजो आणि रोल्स यांनी माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं की तोंडात चव नसलेला पण घट्ट पदार्थ दिला तरी इन्सुलाचा काही भाग जागा होतो, आणि घट्टपणा वाढवावा तसा जास्त. चव शून्य, तरी चवीच्या शेजारघरात हालचाल. वडिलांची तक्रार मनाची समजूत नाही, हे यावरून ध्यानात यावं.

आवाजाचं लोक विसरतात. एकदा दोन्ही कानांत बोटं घालून भडंग खाऊन बघा. आवाज डोक्यात घुमतो, पण बोजड होतो. कुरकुरीतपणाची जी बारीक तडतड असते ती मुख्यतः हवेतून कानात येते, आणि हाडातून येतो तो जाडसर आवाज. ऑक्सफर्डमध्येच मॅसिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी बटाट्याचे वेफर्स चावणाऱ्यांना हेडफोन लावून त्यांच्याच चावण्याचा आवाज ऐकवला. आवाज मोठा केला, किंवा त्यातला फक्त वरचा, टोकदार भाग वाढवला, की तेच वेफर्स लोकांना जास्त ताजे वाटले. आवाज दाबला की शिळे. 2004 चा हा शोधनिबंध, पुढे त्याला 2008 मध्ये इग नोबेल मिळालं. पारितोषिक विनोदी असलं तरी निष्कर्ष खरा आहे. कवळीत दाताखालचा धक्का आधी ॲक्रिलिकमध्ये, मग मऊ हिरडीच्या गादीत जिरतो, हाडापर्यंत तो बोथट होऊनच पोचतो.

राहिली टाळू. वरची कवळी टाळू झाकते आणि पुष्कळांना वाटतं की चवीच्या गाठी झाकल्यामुळे चव गेली. कडक टाळूवर त्या गाठी नावालाच असतात, त्यामुळे तो दोष तिचा नाही. पण जीभ घास टाळूवर दाबून, घोळवून त्याचा पोत बघते. 20-30 मायक्रॉनच्या पुढचा कण जिभेला रवाळ लागतो. साताऱ्याचा कंदी पेढा टाळूला लावून विरघळवताना जी खवखव जाणवते ती अशीच. कवळीवर ती निम्मी हरवते. आणि ॲक्रिलिकमधून उष्णता नीट जात नाही. चहा तोंडात कोमट वाटतो आणि घशात चटका बसतो. हे वडिलांना आजच सांगा.

एकूण काय, कवळी लावून भाकरी खाणं म्हणजे जाड हातमोजे घालून तांदूळ निवडणं. हात चालतो, डोळे चालतात, बोटांना खडा कळत नाही.

जोरही कमी झालाय. पूर्ण कवळीने चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरते. घास गिळायचा केव्हा, हेही मेंदू पोतावरूनच ठरवतो. कण पुरेसे बारीक झाले, दोनेक मिलिमीटरच्या खाली, आणि लाळेने ते एकत्र धरून घसरडे झाले, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की गिळण्याची आज्ञा सुटते. कवळीवाला एकतर घास फार वेळ घोळवत बसतो, नाहीतर जाडाभरडाच गिळतो. नीट न चावलेल्या घासातून वासही कमी सुटतो, आणि घशामागून नाकात जाणारा हा वासच भाकरीला भाकरीपण देतो. पुठ्ठा लागतो तो असा.

आता उपाय. दीड महिना हा सरावाच्या काळाचा शेवट आहे, सहा ते आठ आठवडे लागतातच, वय जास्त असेल तर थोडे अधिक. या काळात मेंदू हिरडी, गाल, जीभ आणि स्नायू यांच्याकडून मिळेल तेवढ्या बातमीवर चावण्याचा नवा हिशोब बसवतो. पण त्याला हिशोब करायला काहीतरी द्यायला हवं. घरोघरी मी नेमकं उलटं बघतो. कवळी बसवली की म्हाताऱ्या माणसाला आमटीत कुस्करलेली भाकरी, गुरगुट्या भात आणि दूध-चपाती, ते कायमचं. प्रेमापोटी होतं, पण मेंदूला तीन महिने एकच मऊ गोळा दिला तर तो दुसरं काही शिकणार कसा? पहिले दोन आठवडे ठीक आहे. तुमच्याकडे ते उलटून गेलेत.

भाकरी ताजी, मऊ, पण कोरडीच द्या. तुकडा हाताने लहान करायचा, पुढच्या दातांनी तोडायचा नाही, तोडला की कवळी मागून उचलली जाते. घास दोन भाग करून दोन्ही बाजूंच्या दाढांखाली एकाच वेळी चावायचा. एका बाजूने चावण्याची जुनी खोड इथे नडते, कवळी कलते. चटणी वेगळी न देता भाकरीत भरून द्या. दाण्याचा जाडसर कूट मुद्दाम ठेवा. मऊ आणि भरड एकाच घासात असले की फरक ओळखायला सोपा जातो. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, त्यात बारीक चिरलेला कांदा, हाही चांगला सराव. भडंग शेवटी आणा. आधी नुसते चुरमुरे, मग शेव, दाणे सगळ्यात नंतर, कारण दाण्याचे कण खालच्या कवळीखाली शिरतात आणि एकदा टोचलं की माणूस पुन्हा हात लावत नाही. वरून वास आणि आवाज वाढवा: खमंग भाजलेलं, ताजी फोडणी, गरम जेवण. टीव्ही बंद ठेवा, कुरकुर ऐकू आली पाहिजे. ऐकायला कमी येत असेल तर कानाचं यंत्र जेवताना काढून ठेवू नका.

लाळ बघा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या, ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या गोळ्या तोंड कोरडं करतात, मधुमेहही करतो. कोरड्या तोंडात कवळी धरत नाही आणि घास गोळा होत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. तीन महिन्यांनीही फरक पडला नाही तर कवळीची उंची आणि दाढांचे उंचवटे तपासून घ्या. कधी कधी झिजू नये म्हणून दाढा इतक्या सपाट बसवलेल्या असतात की भाकरी कापलीच जात नाही, नुसती दाबली जाते. तो दोष मेंदूचा नव्हे, आमच्या धंद्याचा.

मेंदूच्या डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही सांगून ठेवतो. एका बाजूचा गाल किंवा ओठ अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, पाणी पिताना वरचेवर ठसका लागू लागला, बोलणं अडखळलं, किंवा मीठ-साखरेतला फरकच कळेनासा झाला, तर कवळीवर ढकलू नका. यातलं अचानक घडलं असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

जास्त चावलं की स्मरणशक्ती वाढते, असे संदेश फिरतात. दात गेलेल्यांमध्ये विस्मरणाचे आजार जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण गरिबी, तंबाखू, मधुमेह, कमी शिक्षण यांनी दातही जातात आणि मेंदूलाही झळ पोचते. त्यामुळे कशामुळे काय, हे त्यावरून ठरत नाही. चघळून बुद्धी वाढवायचं औषध कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

आता आईंचं, आणि इथे माझं मत ठाम आहे. ते सुळे काढू नका. एवढं सगळं वाचल्यावर कारण लक्षात आलं असेल: त्या दोन मुळांभोवती तो 0.2 मिलिमीटरचा पडदा अजून जिवंत आहे. खालचा जबडा कवळीला सर्वांत अवघड. जागा अरुंद, जीभ सतत हलवणारी, आणि दात गेल्यावर हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं. सुळ्यांची मुळं लांब आणि मजबूत असतात. त्यांना रूट कॅनाल करायचं, हिरडीपर्यंत कापून वर छोटी टोपी बसवायची आणि त्यावरून कवळी घालायची. याला ओव्हरडेंचर म्हणतात. आतली नस काढली तरी मुळाभोवतीचा पडदा तसाच राहतो, म्हणून दाब कळत राहतो. क्रम आणि रूनी या दोन संशोधकांनी 1978 साली पाच वर्षांची तुलना प्रसिद्ध केली. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड सुळे ठेवलेल्यांत सरासरी 0.6 मिलिमीटर झिजलं, सगळे दात काढलेल्यांत 5.2 मिलिमीटर. बाकीचे एक-दोन दात हलत असतील तर ते गेले तरी चालतील.

अट दोन गोष्टींची. मुळाभोवती निदान निम्मं हाड शिल्लक हवं, ते एक्स-रेत दिसेल. आणि स्वच्छता. ओव्हरडेंचरखालची मुळं लवकर किडतात. रोज कवळी काढून मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने ती घासावी लागतात, रात्री कवळी पाण्यात. आई मिश्री लावत असतील तर ती सोडावी लागेल. आमच्या भागातल्या त्या वयाच्या बायकांच्या हिरड्या मागे हटण्यामागे पुष्कळदा ती असते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळा. सुळे वाचवण्यासारखे नसतीलच तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट टाकून त्यावर कवळी अडकवता येते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी किमान तेवढं करावं असंच सुचवलं. इम्प्लांटला पडदा नसतो, तरी हाडातून कंप जातो आणि कवळीपेक्षा बरंच जास्त कळतं. खर्च मात्र रूट कॅनालपेक्षा पुष्कळ जास्त येतो, म्हणून आधी सुळ्यांचा एक्स-रे काढून घ्या आणि दात काढायची तारीख तोवर पुढे ढकला.